सपाट वाटेचा जमाखर्च

तुलूज शहराच्या मुख्य रेल्वेस्थानकातून बाहेर पडणाऱ्या प्रवाशास समोरच, रस्त्याच्या पलीकडे, एक संथ जलप्रवाह दिसतो. प्रवाह म्हणणेही तसे धाडसाचेच, कारण पाणी जवळजवळ हलत नाही. रेखीव काठ, काठावर झाडांची रांग आणि झाडांखालून जाणारी एक अरुंद वाट. दक्षिण फ्रान्समधील ‘कानाल द्यू मिदी’ म्हणजे मिदी कालवा तो हाच. पूर्वी या वाटेवरून घोडे चालत आणि दोराने नावा ओढीत. आता घोडे गेले, मालवाहू नावाही गेल्या, आणि त्या जागी दोन पिशव्या मागे बांधलेल्या सायकली आल्या. इथून निघालेला सायकलस्वार पाण्याची संगत न सोडता सुमारे २४० किलोमीटर पूर्वेकडे गेला, तर भूमध्य समुद्राला लागून असलेल्या ‘तो’ नावाच्या खाऱ्या सरोवरापाशी पोचतो.

हे अंतर घाईने कापायचे म्हटले तर तीन दिवसही पुरतात. परंतु या वाटेवर येणारे बहुतेक लोक सहा-सात दिवस घेतात, आणि त्यांचेच बरोबर आहे. कालव्यातील नावांना ताशी ८ किलोमीटरांची मर्यादा आहे. सायकलस्वार त्याच्या दुपटीने जाऊ शकतो, तरी बहुधा जात नाही. वाटेत ठिकठिकाणी जलद्वारे आहेत. प्रत्येक जलद्वारापाशी रक्षकाचे छोटे घर असते आणि घराच्या भिंतीवर एक पाटी असते. तिच्यावर जलद्वाराचे नाव असते आणि मागचे व पुढचे जलद्वार किती अंतरावर आहे तेही लिहिलेले असते. नाव वर चढविण्यासाठी दार बंद होते, पाणी हळूहळू भरते, नाव उचलली जाते. हे पाहण्यासाठी पहिल्या दिवशी प्रत्येकजण उतरतो. तिसऱ्या दिवशीही उतरतो, हे विशेष.

वाट सपाट आहे, आणि पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसांना ती सुचविली जाते ती त्याच कारणाने. तुलूजपासून नोरूझच्या खिंडीपर्यंतच्या पन्नासेक किलोमीटरांत चढ जेमतेम साठ मीटरांचा, आणि तोही जलद्वारांच्या पायऱ्यांत वाटलेला. पुढे आर्झांच्या जलद्वारापासून बेझिए शहराजवळच्या फोंसेरानपर्यंत सुमारे ५४ किलोमीटर एकही जलद्वार नाही. तेवढ्या अंतरात पाण्याची पातळी एकच राहते. मात्र भोवतालचा मुलूख काही सपाट नाही. टेकड्या आहेत, ओढे आहेत, द्राक्षमळ्यांचे उतार आहेत. कालवा टेकडीच्या अंगाने समान उंचीची रेघ धरून वळणे घेत जातो, म्हणून वर असलेल्या माणसास चढ जाणवत नाही. ही सपाटी कुणीतरी पैसे देऊन विकत घेतलेली आहे. तिची किंमत कोणी मोजली आणि ती वसूल झाली की नाही, हा हिशेब व्यापारी वाचकास वाटेइतकाच रंजक वाटेल.

त्या आधी या मुलखाच्या व्यापाराचा एक जुना धागा सांगणे योग्य होईल, कारण तो भारतापर्यंत येतो. तुलूजच्या पूर्वेकडील लोरागे या भागात पंधराव्या-सोळाव्या शतकांत ‘पास्तेल’ नावाच्या वनस्पतीची शेती होई. तिच्या पानांचे गोळे करून वाळवीत आणि त्यांपासून निळा रंग काढीत. या रंगाने तुलूजमधील काही पेढ्या इतक्या गब्बर झाल्या, की पिएर दासेझा नावाच्या पास्तेल व्यापाऱ्याने १५५५ साली बांधायला घेतलेला वाडा आजही शहराच्या प्रेक्षणीय स्थळांत मोजला जातो. पुढे भारतातील नीळ, विशेषतः गुजरातेतील, जहाजांनी युरोपात पोचू लागली. तिच्यात रंग अधिक होता आणि ती स्वस्त पडे. धर्मयुद्धांनी आधीच खिळखिळी झालेली पास्तेलची बाजारपेठ तिच्यापुढे टिकली नाही. अहमदाबादजवळच्या सरखेजची नीळ बांधणाऱ्या व्यापाऱ्यांना तुलूजचे नावही ठाऊक नसेल. शेतात पुढे गहू आला. गहू जड, रस्ते वाईट, आणि बाजार दूर. माल स्वस्तात बाहेर काढण्याचा मार्ग ही त्या प्रदेशाची गरज होऊन बसली.

अटलांटिक महासागर आणि भूमध्य समुद्र जोडण्याचा विचार त्याहून जुना होता. स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरमार्गे जायचे म्हणजे तीन हजार किलोमीटरांचा फेरा, वर चाच्यांचे भय. अडचण एकच होती. दोन समुद्रांच्या मधला मुलूख उंच, आणि उंचावरच्या कालव्यात पाणी कोठून भरायचे? पिएर-पॉल रिके या गृहस्थाने या प्रश्नाचे उत्तर शोधले. तो अभियंता नव्हता. लांगदॉक प्रांतात मिठावरचा कर गोळा करण्याचा मक्ता त्याच्याकडे होता. मिठावरचा कर म्हणजे काय, हे भारतीय वाचकास वेगळे सांगावयास नको. फ्रान्समध्येही तो तितकाच अप्रिय होता, आणि याच करावरून पिरेनीज पर्वताकडच्या रुसियों प्रांतात बंड पेटले. कालव्याकाठी रिकेचा गौरव वाचताना त्याच्या भांडवलाचा हा उगमही लक्षात ठेवणे न्यायाचे ठरेल.

रिकेने पाहिले, की उत्तरेकडील काळ्या डोंगरावर पाऊस पुष्कळ पडतो. तेथील ओढ्यांचे पाणी अडवून चाऱ्यांनी नोरूझच्या खिंडीपर्यंत आणले, तर तेथून ते एकीकडे अटलांटिककडे आणि दुसरीकडे भूमध्याकडे सोडता येईल. नोरूझ समुद्रसपाटीपासून १८९ मीटरांवर आहे. १६६२ साली त्याने ही कल्पना अर्थमंत्री कोल्बेरला पत्राने कळविली. सरकारी समितीस खात्री पटावी म्हणून १६६५ साली चाचणीदाखल एक चारी स्वतःच्या खर्चाने खणून पाणी आणून दाखविले. ऑक्टोबर १६६६ मध्ये चौदाव्या लुईचा आदेश निघाला. सें-फेरेओल येथे धरण बांधले गेले. साठ लाख घनमीटरांहून अधिक पाणी त्यात मावते, आणि कालवा आजही त्याच पाण्यावर चालतो.

अर्थव्यवस्थेची रचना मोठी मनोरंजक होती. काही वाटा राजाचा, काही प्रांताच्या सभेचा, आणि सुमारे पंचमांश रिकेचा स्वतःचा. बदल्यात कालव्याची मालकी आणि त्यावरील जकातीचा हक्क त्याच्या घराण्याकडे राहणार होता. बांधा, चालवा आणि वसूल करा, या तत्त्वावर आज जे महामार्ग उभे राहतात त्यांचाच हा पूर्वज. एकूण खर्च दीड कोटी लिव्रांच्या वर गेला. सरकारचे हप्ते उशिरा येत, कोल्बेरला हिशेबांचा संशय येई, आणि काम थांबविणे तर शक्य नव्हते. कारण अर्धवट कालव्याला कवडीचीही किंमत नसते. अर्धा बांधलेला वाडा निदान भाड्याने देता येतो. प्रकल्पकर्ज देणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्यास ही जागा ओळखीची वाटेल. पैसे घालावे तर आणखी बुडण्याची भीती, न घालावे तर घातलेले नक्की बुडणार. रिके घालीत राहिला.

त्याच्या वहीखात्यातील एक बाब मात्र अपवादात्मक आहे. एका वेळी बारा हजारांपर्यंत मजूर कामावर असत आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. पावसाने काम बंद पडले, रविवार किंवा सण आला, मजूर आजारी पडला, तरी त्याचा पगार कापला जात नसे. सतराव्या शतकात हे कोणी करीत नव्हते. औदार्य म्हणावे तर आहेच, शिवाय त्यात व्यवहारही होता. शेतीच्या हंगामात मजूर पळून जाऊ नयेत, यासाठी याहून स्वस्त उपाय सापडला नसता. चंद्रा मुकर्जी या अभ्यासिकेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले आहे, की पिरेनीजकडून आलेल्या या स्त्रियांपाशी पाणी खेळविण्याचे पिढीजात ज्ञान होते आणि कालव्याच्या यशात त्याचा वाटा मोठा होता. पुतळे मात्र रिकेचे उभारले गेले.

तो १ ऑक्टोबर १६८० रोजी तुलूज येथे वारला. कालव्याचे उद्घाटन मे १६८१ मध्ये झाले. अवघ्या सात-आठ महिन्यांचे अंतर. मागे राहिले ते सुमारे वीस लाख लिव्रांचे कर्ज. वारसांना कालव्यातील हिस्से विकावे लागले, आणि घराण्याच्या पदरात प्रत्यक्ष नफा पडू लागला तो १७२४ साली, म्हणजे काम सुरू झाल्यावर सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांनी.

नोरूझनंतर वाट उताराला लागते. तुलूजपासून पहिले पन्नास किलोमीटर डांबरी आणि गुळगुळीत, पुढे मुरमाची, आणि कार्कासोननंतर ठिकठिकाणी झाडांच्या मुळांनी उचललेली. रुंद टायरांची सायकल घ्यावी ती यासाठी. वाऱ्याचाही हिशेब ठेवावा लागतो. या पट्ट्यात पश्चिमेकडून ‘सेर’ नावाचा वारा वाहतो आणि आग्नेयेकडून ‘ओतां’. पूर्वेकडे जाणाऱ्यास सेर पाठीशी असतो. ओतां सुटला तर मात्र सपाट रस्ताही घाटासारखा वाटतो, आणि तो एकदा सुटला की काही दिवस थांबत नाही, असे तेथील लोक म्हणतात. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक पडते आणि कालव्यावर भाड्याच्या नावांची गर्दी होते.

व्यापाऱ्यांनी थांबावे अशी दोन गावे याच टप्प्यात आहेत. कालवा आखला जात असता कास्तेलनोदारीच्या नगरसभेने ३०,००० लिव्र मोजले आणि तो आपल्या वेशीपाशी वळवून घेतला. कार्कासोनकडे एक लाखाची मागणी गेली. त्या शहराने ती नाकारली, आणि कालवा शहराला दोन किलोमीटर बाजूला टाकून निघून गेला. कास्तेलनोदारीत सात हेक्टरांचे विस्तीर्ण बंदर झाले, गव्हाच्या नावा भरू लागल्या. कार्कासोनला आपली चूक कळली, परंतु कालवा शहरात येण्यास १८१० साल उजाडावे लागले. तोवर सव्वाशेहून अधिक वर्षांचा माल दुसऱ्याच्या धक्क्यावर उतरून गेला होता. दोन्ही शहरांच्या सभांत त्या दिवशी झालेली भाषणे वाचायला मिळाली असती तर मजा आली असती. नकार देणाऱ्यांकडेही सबळ आकडे असणारच.

खाण्याविषयी थोडे, कारण जैन कुटुंबातील प्रवाशाचा पहिला प्रश्न तोच असतो. कास्तेलनोदारी ज्या पदार्थासाठी प्रसिद्ध आहे तो कासुले पांढऱ्या घेवड्याचा असला, तरी मांस व चरबीशिवाय होत नाही. उपाहारगृहातल्या साध्या भाजीबद्दलही विचारून घेतलेले बरे. चीजचाही भरवसा धरू नये. परंपरेने बनणाऱ्या अनेक चीजांत दूध गोठविण्यासाठी वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात, रोकफोरमध्ये कोकराच्या. पाकिटावर शाकाहारी असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच घ्यावे. फळे, सुकामेवा, टोमॅटो आणि सोबतचे खाकरे यांवर दिवस चांगला जातो. खेड्यांतील दुकाने दुपारी दोन-अडीच तास बंद असतात आणि पुष्कळशी सोमवारीही. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांची सोय मात्र निसर्गानेच करून ठेवली आहे. जूनमध्ये येथे सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो.

या संदर्भात पॉल द विव्ही या माणसाची आठवण काढायला हवी. तो १८५३ साली जन्मला. सेंत-एतिएन शहरात त्याचा रेशमाचा व्यापार होता, चांगला चाललेला. तो सोडून त्याने सायकलींचे दुकान काढले, १८८७ साली सायकलप्रवासाला वाहिलेले मासिक सुरू केले, आणि ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने लिहू लागला. फ्रान्समध्ये शर्यतीच्या सायकलीखेरीज भटकंतीच्या सायकलीलाही मान आहे, त्याचे श्रेय पुष्कळसे त्याचे. तो शाकाहारी होता. भूक लागण्यापूर्वी थोडे खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे, थकण्यापूर्वी थांबावे, वाटेवर मद्य-मांस-तंबाखू टाळावी, आणि केवळ प्रौढी मिरविण्यासाठी पायडल कधी मारू नये, अशा आशयाचे त्याचे नियम अजून सांगितले जातात. स्वतः मात्र तो डोंगरातला स्वार, आणि रात्रभर सायकल चालविणारा. मिदी कालव्याची वाट त्याला फारच सोपी वाटली असती.

आर्झांनंतरचे ते ५४ किलोमीटर हे या प्रवासाचे हृदय होय. ल सोमाय या वस्तीत सतराव्या शतकातला कमानीचा पूल आहे आणि पूर्वीच्या प्रवासी नावांच्या मुक्कामाच्या खुणा आहेत. तुलूजहून आग्दपर्यंत जाणारी टपालनाव त्या काळी चार दिवस घेई. आज तिथे जुन्या पुस्तकांचे एक मोठे दुकान आहे, आणि सायकलीवर पुस्तके न्यायची नसतात हे ठाऊक असूनही लोक आत शिरतात. पुढे काप्स्तां, आणि त्यानंतर माल्पासची टेकडी. खडक ठिसूळ, म्हणून बोगदा करू नये असे वरून सांगण्यात आले होते, आणि रिकेने काम गुपचूप पुरे करवून घेतले, अशी कथा आहे. टेकडीवर चढले की एका बाजूला मोंतादीचे तेराव्या शतकात आटविलेले तळे दिसते. सूर्यकिरणांसारख्या चऱ्या मध्यबिंदूकडे जाणारी ती शेते पाहिली, की सायकल आडवी टाकून बसण्यावाचून गत्यंतर राहत नाही. त्या तळ्याचे पाणी याच टेकडीच्या पोटातून काढून दिले आहे. त्याच्या वरून रेल्वे जाते, आणि रेल्वेच्या वरून कालवा.

रेल्वेचा उल्लेख आलाच आहे तर खात्याची पुढची नोंदही करावी. बोर्दो ते सेत हा लोहमार्ग १८५७ साली पुरा झाला, आणि दुसऱ्याच वर्षी रेल्वे कंपनीने कालवाच चाळीस वर्षांच्या भाडेकराराने ताब्यात घेतला. प्रतिस्पर्ध्याचे दुकान भाड्याने घेऊन त्याचे दार अर्धे लावून ठेवणे, ही युक्ती कोणत्याही बाजारपेठेस नवी नाही. कराराची मुदत संपेपर्यंत मालवाहतूक खंगली होती. १८९८ साली कालवा सरकारकडे आला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेवटच्या मालवाहू नावाही गेल्या. १९९६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटले.

आणि आता प्रश्न झाडांचा आहे. काठावरील प्लेन वृक्ष प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात लावलेले, एकूण सुमारे ४२,०००. त्यांची मुळे काठ धरून ठेवतात, सावली पाण्याचे बाष्पीभवन कमी करते, आणि कालव्याचे सारे सौंदर्य त्यांच्या हिरव्या कमानीत आहे. एका बुरशीमुळे होणारा, झाडाला आतून सुकविणारा रोग २००६ साली येथे आढळला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून ही बुरशी फ्रान्समध्ये आली, असे मानले जाते. ती मुळांतून, पाण्यातून, अवजारांतून आणि झाडांना बांधलेल्या नावांच्या दोरांतूनही पसरते. उपाय नाही. रोगी झाड आणि त्याच्या शेजारची झाडे कापून जाळावी लागतात. कार्कासोनच्या पुढे असे पट्टे लागतात, की जिथे तासभर डोक्यावर सावली येत नाही, आणि दोन्ही बाजूंना बुंध्यांच्या जागा तेवढ्या दिसतात. जलमार्गांचे सरकारी मंडळ नवी झाडे लावीत आहे. एकच जात पुन्हा लावायची चूक टाळून, तुर्की ओकसह अनेक जातींची. यासाठी खासगी देणग्याही मागितल्या जातात. आज देणगी देणाऱ्यांतील कितीजणांना ती कमान पुन्हा जुळलेली पाहायला मिळेल, सांगता येत नाही. ओक सावकाश वाढतो.

फोंसेरानला पाणी आठ कुंडांच्या जिन्यावरून २१ मीटरांहून अधिक खाली उतरते. पलीकडे बेझिए, रिकेचे जन्मगाव. तेथील मुख्य हमरस्त्याला त्याचे नाव आहे आणि १८३८ साली उभारलेला त्याचा पुतळा आहे. पुतळ्याखाली बाजार भरतो. मग आग्दचे गोल जलद्वार, मग खारा वास, आणि शेवटी लेझोंग्लू येथे एक छोटा दीपस्तंभ. कालवा तिथे सरोवरात संपतो. समोर कालवांच्या शेतीचे खांब पाण्यातून वर आलेले दिसतात, आणि दूरवर सेतची टेकडी.

सायकलसह परतायला प्रादेशिक रेल्वे सोयीची. सायकल डब्यातल्या आकड्याला टांगायची आणि खिडकीशी बसायचे. सहा दिवसांचे अंतर दोन-अडीच तासांत मागे पडते. बेझिए सोडल्यावर थोड्याच वेळात गाडी एका बोगद्यात शिरते आणि काही क्षण काळोख होतो. हीच ती माल्पासची टेकडी. वर कालवा आहे आणि त्याच्याही वर, दोन दिवसांपूर्वी जिथे सायकल आडवी टाकली होती, ती जागा.